सगळ्यांच्या आधी जाणारा माणूस

कुठल्याही घरात शिरले की ते आधी वर पाहत. माणसांकडे नंतर.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले. पंख्याच्या हुकाजवळ स्लॅबला थोडी ओल आली होती. तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलं, खुर्ची उचलून भिंतीकडे नेली आणि मग बसले. आईला वाटलं, पाहुण्यांना वारा सोसत नाही. ती बटण बंद करायला उठली.

"राहू द्या वयनी. पंख्याचं काही नाई. हूक पाहून घ्या."

हूक आम्ही बदलला नाही. पण त्या दिवसापासून त्या पंख्याखाली आमच्या घरात कोणी झोपलं नाही.

ते राजूरजवळच्या एका जमिनीखालच्या कोळसा खाणीत सरदार होते. सरदार हे तिथलं एक पद आहे. पाळी सुरू होण्याआधी सरदार एकटा खाली जातो. ज्या भागात त्याची टोळी काम करणार असते, तिथल्या छताखाली उभा राहतो आणि लोखंडी टोकाची काठी वर ठोकतो. एका हाताने ठोकायचं, दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवायची. छत घट्ट असेल तर आवाज टणक येतो. थर आतून सुटला असेल तर पोकळ येतो. पोकळ आला की तिथे खडूने फुली मारायची, टेकू लावून घ्यायचे, नाहीतर तो भाग बंद करायचा. सगळं ठीक असेल तर रजिस्टरवर सही. त्याच्या सहीशिवाय त्या छताखाली कोणी पाऊल टाकत नाही.

हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. कॉलनीत त्यांना सगळे सरदार काकाच म्हणत. माझं घर त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या गल्लीत. मी तेव्हाही एका दैनिकाचा वार्ताहर होतो, आजही आहे. खाणीत काही झालं की कॉलनीत पहिला फोन मला येई आणि तो फोन वाजला की मी आधी त्यांच्या खिडकीकडे पाहत असे.

त्यांचं एक वाक्य कॉलनीतल्या पोरांनाही पाठ होतं. "छत आपलं नाई गा. ठोकनं आपलं." पावसाळा लांबला, कापसाचा भाव पडला, जावई नीट वागेना, कोणी काहीही रडगाणं घेऊन आलं की ते ऐकून घेत आणि विचारत, "याच्यातलं ठोकनं कोनतं?" म्हणजे यातलं तुझ्या हातातलं काय. माणूस काहीतरी सांगे. ते म्हणत, "मंग तेवढं कर ना बापा. बाकीच्याले कायले डोक्यावर घेतं?"

हे ऐकायला सोपं वाटतं. तुम्हीही असं सांगणारी माणसं पाहिली असतील; बहुतेकांच्या डोक्यावर पक्कं छत असतं आणि ते कधी पडेल अशी शंका त्यांना आलेली नसते. यांचं तसं नव्हतं.

मुलीच्या नर्सिंगचा निकाल होता त्या दिवशी कॉलनीतल्या बायका त्यांच्या ओट्यावर जमल्या होत्या. मुलगी मोबाइल घेऊन आत बसलेली. साइट उघडत नव्हती. काका अंगणात तिची सायकल उलटी करून चेन बसवत होते. काकू करवादल्या, "यायले पोरीचं काही सुखदुःख आहे का पाहा." काका म्हणाले, "निकाल तिकडं लागून राह्यला. सायकल इथं हाये." बायका हसल्या. मी जवळ उभा होतो म्हणून मला दिसलं. तेवढ्या वेळात त्यांच्या हातातून पाना तीनदा पडला होता. तिन्ही वेळा त्यांनी तो उचलला आणि पुन्हा त्याच नटाला लावला.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं होतं, खाली भीती वाटत नाही का.

"वाटते ना. रोज वाटते. पहिल्या दिवशी वाटली तेवढीच आजही वाटते."

मग जाता कसे?

"भेव माह्या हातात नाई. ते येतेच. पाय माह्या हातात हायेत."

वणीच्या एका लग्नात मी त्यांना मांडवाचे बांबू ठोकताना पाहिलं. हातात अक्षता, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि एकेका खांबाला बोटाच्या पेराने टकटक करत ते मुलाकडच्या पंगतीपर्यंत पोचले. मांडववाल्याला वाटलं, नगरपालिकेचा कोणी साहेब तपासणीला आलाय. तो धावत येऊन त्यांना कोल्ड्रिंक देऊ लागला. त्यांनी ते घेतलं नाही. एका खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे हलते. पाचर ठोक." त्याने पाचर ठोकली. तोवर इकडे मंगलाष्टकं संपली होती आणि काकूंनी पुढचे दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

आमची चार एकर जमीन खाणीत गेली. तिच्या बदल्यात एकाला नोकरी मिळायची होती. मी वर्तमानपत्रात रुळलेलो होतो, म्हणून ती माझ्या धाकट्या भावाला, नितीनला मिळाली. त्याची नेमणूक सरदार काकांच्या टोळीत झाली. कॉलनीत सगळे म्हणाले, पोराचं नशीब, चांगला सरदार मिळाला.

नितीन पहिल्यांदा खाली जाणार त्याच्या आदल्या दिवशी आई त्यांच्याकडे गेली. मी सोबत होतो. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "सरदार भाऊ, माह्या पोराले सांभाळजा."

ते म्हणाले, "वयनी, सांभाळीन असं मी म्हनत नाई. छत ठोकीन म्हनतो."

आईला ते लागलं. घरी येऊन चूल पेटवताना म्हणाली, "एवढं खोटं बोलता आलं नाई का त्या मानसाले." पुढे दोन वर्षं ती त्यांच्या घरची पायरी चढली नाही. रस्त्यात समोर आले तर पदर ओढून घेई आणि बाजूने निघून जाई.

एकदा परवानगी काढून मी खाणीवर एक लेख करायला खाली गेलो. काका सोबत होते. उताराने चालत जायचं. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर खाणीच्या तोंडाशी असलेला उजेड नाण्याएवढा दिसत होता, आणखी चाललो तर तोही गेला. डोक्यावरच्या दिव्याचा झोत जिथे पडतो तेवढंच जग उरतं. हवा गरम आणि ओली. टेकूंची लाकडं अधूनमधून बारीक करकरत होती. मी थबकलो की काका म्हणत, "बोलू द्या त्याले. लाकूड बोलते तोवर बरं हाये."

एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, माझा हात धरून वर नेला आणि बोटं छताला टेकवली. मग शेजारी काठी ठोकली. टण. बोटांना जवळजवळ काही जाणवलं नाही. चार पावलं पुढे नेऊन पुन्हा तसंच केलं. या वेळी आवाज रिकाम्या पिंपासारखा आला आणि माझ्या बोटांच्या टोकांखाली सगळं छत बारीक थरथरलं. मी हात ओढून घेतला. तिथे आधीच खडूची फुली होती आणि दोन टेकू लावलेले होते. मला ते माहीत होतं, दिसतही होतं. तरी वर येईपर्यंत माझा भाऊ रोज सात तास इथे असतो, एवढाच एक विचार डोक्यात होता. लेखात मी तो लिहिला नाही.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि नितीन जेवताना कुरकुर करू लागला. काका आता म्हातारे झाले म्हणायचा. पूर्वी पाऊण तासात वर निरोप यायचा, आता दीड तास लागतो. एकाच जागी दहा दहा वेळा ठोकतात. टोळीतली माणसं डबे घेऊन खाणीच्या तोंडाशी बसून राहतात. ओव्हरमन, म्हणजे त्यांच्या वरचा साहेब, बोलतो. काका ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच वेळ लावतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर एका सकाळी, त्यांच्या सुटीच्या दिवशी, मी सहीसाठी एका अर्जाचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकू शेजारी गेल्या होत्या. काका ओट्यावर माझ्याकडे पाठ करून चप्पल शिवत होते. स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्यापासून तीन हातांवर. आत कुकरने शिटी दिली. मग दुसरी. मी फाटकातून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. तिसरी शिटी, चौथी. मी पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने. सुई चामड्यातून आत-बाहेर होत होती. सहाव्या शिटीनंतर जळका वास आला. तेव्हा त्यांनी नाक वर केलं, लगबगीने उठले आणि आत गेले.

मी फाटकाशी उभा राहिलो. कागद हातातच होता. दीड तास का लागतो ते मला कळलं होतं.

पुढचे नऊ दिवस मी काय केलं हे मला नीट आठवतं, कारण मी काहीच केलं नाही. रोज सकाळी सहा वाजता नितीन बूट घालत असे. आई त्याच्या डब्यात भाजीवर झाकण बसवत असे. मी चहा घेऊन दाराशी उभा राहत असे. सांगावं असं रोज वाटे. रोज मी स्वतःला काहीतरी पटवून देई. एका कुकरवरून एखाद्या माणसाची नोकरी घालवायची का. बातमीला दुजोरा लागतो आणि माझ्याकडे नुसता संशय होता. तपासणी करणं कंपनीचं काम आहे. हे माझं क्षेत्र नाही. नितीनच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला की मी आत येई आणि पाळी सुटेपर्यंत दर थोड्या वेळाने फोनकडे पाही. एकदा भर बाजारात फोन आला आणि मी तो उचलला नाही, इतका घाबरलो. तो विमा कंपनीचा होता.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी नितीनला म्हणालो, दोन-चार दिवस रजा टाक.

"काहून?" तो म्हणाला.

मी म्हणालो, काकांची तब्येत बरी दिसत नाही.

तो हसला. "अरे, काका हायेत म्हनून तं मी जातो खाली. दुसरा कोनी असता तं गेलोच नसतो."

दहाव्या दिवशी पुन्हा त्यांची सुटी होती. दुपारी मी गेलो आणि त्यांच्या अगदी समोर बसलो. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. तेव्हा मला लक्षात आलं की गेले कित्येक दिवस ते सगळ्यांच्या ओठांकडेच पाहत होते.

"काका, तुम्हाले ऐकू येत नाई," मी म्हणालो.

त्यांनी ना म्हटलं नाही.

"तुले कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

"आन् नऊ दिवस भावाले जाऊ देल्लं खाली."

हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं.

मग त्यांनीच सांगितलं. दिवाळीपासून उजवा कान गेल्यासारखा झाला होता, डावा अर्धा. काकूंनाही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी खाली काठी ठोकली आणि आवाजच आला नाही तेव्हा त्यांना वाटलं, काठी छताला लागलीच नाही. पुन्हा ठोकली. मग ते तिथेच थोडा वेळ उभे राहिले. मग बोटं टेकवली. बोटांना सगळं कळत होतं. तेव्हापासून ते बोटांवर काम करत होते, एका जागी दहा वेळा, आणि त्यामुळेच वेळ लागत होता.

"कान काही माह्या हातातला नाई," ते म्हणाले. "गेला तं गेला. बोटं हायेत. बोटाईनं जेवढं होते तेवढं करून राह्यलो."

"आणि तपासणी?"

"ते डाक्टरचं काम. बोलावतीन तवा जाईन. ते माह्याकडचं नाई."

मी विचारलं, "सांगनं कोनाकडचं हाये काका?"

ते माझ्या ओठांकडे पाहतच राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणणार होतो. त्यांनी हात वर केला. समजलं होतं.

सव्वीस वर्षं जो माणूस प्रत्येक गोष्टीचे दोन ढीग करत आला होता, हे माझं, हे माझं नाही, त्याने एक गोष्ट चुकीच्या ढिगात टाकली होती. ती चूक मीही नऊ दिवस केली होती. पण मी तसे ढीग करणारा माणूस नव्हतो. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. मी अंगणाकडे पाहत राहिलो.

मग ते म्हणाले, "सांगतलं तं मले खाली जाता येनार नाई."

"हो."

"खाली नाई गेलो तं मंग मी कराचं काय?"

त्यांच्या तोंडून असला प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. त्यांचा आवाज घाबरलेल्या माणसाचा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नितीनने सांगितलं आणि टोळीतल्या आणखी दोघांना वेगवेगळं विचारून मी खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला काका वेळेवर आले. हजेरी लावली. टोळी तोंडाशी जमली होती. रोज ते एकटे पुढे निघत, त्या दिवशी निघाले नाहीत. काठी भिंतीला टेकवून उभी केली आणि म्हणाले, "मले ऐकू येत नाई. दोन महिने झाले. मी सांगतलं नाई. आज माह्या सहीवर कोनी खाली जाऊ नोका."

पहिल्यांदा कोणाला खरंच वाटलं नाही. एकजण म्हणाला, "काका, सकाळी सकाळी कायची मजाक करता?" मग एक जुना टेकूवाला, ज्याने त्यांच्यासोबत पंधरा वर्षं काढली होती, जमिनीवर बसला आणि डोकं धरून राहिला. दोन महिन्यांचे दिवस तो मनात मोजत असावा. नितीन म्हणाला, त्यालाही तेव्हाच भीती वाटली. खाली असताना नव्हती वाटली. वर, उन्हात उभा असताना वाटली.

साहेब आले. बोलले, बरंच बोलले. दुसऱ्या पाळीचा सरदार घरून बोलावला. तो खाली जाऊन तासाभराने वर आला. एका ठिकाणी छत पोकळ वाजलं होतं. त्या ठिकाणी काकांच्या हातची फुली आदल्या दिवशीच मारलेली होती. बाकी सगळं टणक.

टोळी सैलावली. कोणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, मग सांगायची काय गरज होती, बोटं बरोबरच तर होती.

काका म्हणाले, "बरोबर होती हे आज समजलं. काल समजलं नव्हतं."

त्यानंतर त्यांची तपासणी झाली, खाली जाण्याची परवानगी गेली, चौकशी बसली. तिचा निकाल लागायला बरेच महिने गेले आणि तो फारसा कडक लागला नाही. तोवर त्यांना घरीच बसवलं. मग नोकरी संपली, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते राळेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. गेल्या उन्हाळ्यात तिथेच हृदयविकाराने वारले. मी चार ओळींची बातमी केली. खाणीत सव्वीस वर्षं सेवा, मागे पत्नी आणि मुलगी. त्यांच्या टोळीतला एकही माणूस त्यांच्या सहीखाली दगावला नाही, हे वाक्य मी लिहिलं होतं. जागेअभावी ते वगळलं गेलं.

एक दुपार तेवढी सांगायची राहिली. नव्या सरदाराच्या हाताखाली नितीनची टोळी खाली गेली, त्या पहिल्या दिवसाची. नितीन त्या दिवशी एक तास उशिरा आला, कारण गाडी पंक्चर झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते त्या तासाबद्दल आहे.

पाळी तीनला सुटते. साडेतीनपर्यंत नितीन घरी असतो. त्या दिवशी टोळीतले बाकीचे एकेक करून गल्लीत शिरले. पावणेचार झाले. त्याचा फोन लागत नव्हता. आई ओट्यावर तूरडाळ निवडत बसली होती. मी आत-बाहेर करत होतो. तेवढ्यात काका आमच्या फाटकाशी आलेले दिसले. आत येत नव्हते, परतही जात नव्हते. दोन वर्षं आई त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने त्यांना हाक मारली. मग तिच्या लक्षात आलं. ती उठली, फाटकापर्यंत गेली, त्यांच्या बाहीला हात लावला आणि त्यांना ओट्यावर आणून बसवलं.

"नवा सरदार चांगला हाये वयनी," ते म्हणाले. "मीच शिकवलं त्याले."

आईने मान हलवली.

"तरी पन."

"तरी पन," आई म्हणाली.

ते रस्त्याच्या वळणाकडे पाहत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. ते म्हणाले, "खाली होतो तं भेवाले काम होतं. आता नुसतं भेव हाये. तुम्ही रोज कसं काढता वयनी?"

आईने आपल्या सुपातली अर्धी डाळ एका ताटात ओतली आणि ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "खडे काढा," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नसावं, पण समजलं. ते निवडू लागले.

मग आई बोलत राहिली. शेजारणीच्या सुनेचं, नळाला पाणी येत नाही त्याचं, या वर्षीच्या तुरीला पडलेल्या अळीचं. ती त्यांच्या बहिऱ्या बाजूला बसली होती आणि तिला ते माहीत होतं. सव्वाचार झाले. कोळशाचे ट्रक जात होते. एकेक गाडी वळणावर दिसे, जवळ येई, दुसऱ्याची निघे. प्रत्येक वेळी काकांची मान वर होई आणि खाली येई. त्यांचं डाळीत लक्ष नव्हतं. खड्यांसोबत ते चांगली डाळही उचलून बाजूला टाकत होते, मूठभर ढीग झाला होता. आईने तो पाहिला. ती काही म्हणाली नाही. बोलणं चालू ठेवून तिने हात लांब केला आणि त्यांनी टाकलेल्या ढिगातली डाळ एकेक दाणा वेचून पुन्हा त्यांच्या ताटात टाकू लागली.